संस्थेचं कार्यकारी संचालकपद घ्यावं का? पगाराआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, वीस वर्षं खासगी क्षेत्रात, सध्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात पुरवठा साखळीच्या प्रमुख, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३८ लाख. नागपुरातल्या एका स्वयंसेवी संस्थेनं कार्यकारी संचालकपद देऊ केलंय. काम नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, मुलींचं शिक्षण आणि बचत गटांची उपजीविका असं. माणसं ४२, वर्षाचं बजेट ४ कोटींच्या आसपास, देऊ केलेला पगार १८ लाख. संस्थापक ‘सर’ ६८ वर्षांचे, ते ‘मार्गदर्शक’ म्हणून राहणार. शिवाय एका कंपनीत सीएसआर (कंपनीचा सामाजिक कामावरचा खर्च) प्रमुखाच्या जागेचं बोलणं चालू आहे. घरचे म्हणतात, समाजसेवा निवृत्तीनंतर कर. महिनाअखेर उत्तर द्यायचंय आणि तुम्ही विचारलंय: हा करिअरचा शेवट ठरेल का, परत येता येईल का?

विदर्भातल्या संस्थांची कारभाराची घडी तपासणं आणि अशा नेमणुकांच्या वेळी दोन्ही बाजूंना सल्ला देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ‘कंपनी की संस्था’ हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाहीच. ही खुर्ची खरोखर रिकामी आहे का, हा आहे. सर उठलेत, की नुसते बाजूला सरकलेत? याचं उत्तर चांगलं आलं तर १८ लाखांत भागवता येतं आणि परतीचा रस्ताही उघडा राहतो. वाईट आलं तर ३० लाख मिळाले तरी दीड वर्षात तुम्ही बाहेर असाल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी ठरवू शकत नाही. गृहकर्ज किती उरलंय, घरात दुसरा पगार आहे का, मुलांचं शिक्षण कुठल्या टप्प्यावर आहे, आठवड्यातून दोन रात्री घराबाहेर राहता येईल का. गडचिरोली नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटर आहे. तिथलं काम सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशा हिशेबानं चालवलं, तर ते फक्त कागदावर चालतं.

आधी पैशाचं, कारण ते सोपं आहे. लोक सीटीसीत तुलना करतात आणि घाबरतात. हातात येणारी रक्कम बघा. नव्या करप्रणालीत, २०२५-२६चे टप्पे आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, ३८ लाखांवर कर उपकरासह साधारण ७ लाख २५ हजार बसतो. १८ लाखांवर तो दीड लाख आहे. पीएफ आणि बोनस बाजूला ठेवले तर महिन्याला २ लाख ५६ हजारांऐवजी १ लाख ३७ हजार. म्हणजे सीटीसी निम्म्याच्या खाली गेली तरी हातातली रक्कम निम्म्याच्या थोडी वर राहते. खड्डा महिन्याला १ लाख १९ हजारांचा. तो तीन वर्षं कशातून भरायचा हे कागदावर मांडा. मांडता येत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सीएसआरची जागा घ्या.

सोडताना तीन गोष्टी हातून निसटतात. ग्रॅच्युइटी: पाच वर्षं पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असतील तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकला. साधारण हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार १ लाख ३० हजार आणि ११ वर्षं असतील तर ८ लाख २५ हजार होतात. दुसरी गोष्ट कंपनीचे समभाग पर्याय (ईसॉप). हक्क मिळालेले पण न वापरलेले पर्याय राजीनाम्यानंतर किती दिवसांत वापरायचे, ते योजनेच्या कागदात असतं आणि मुदत बहुधा थोडी असते. तिसरी गोष्ट आरोग्य विमा. कंपनीचं गटविमा संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे आधीपासूनच्या आजारांसाठी जितकी वर्षं भरली तितकी मोजली जातात. नव्यानं पॉलिसी घेतली तर त्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. सासू-सासरे त्यात असतील तर हा मुद्दा पगाराहून मोठा आहे.

आता संस्थेचे कागद. मागायला लाजू नका. कंपनी विकत घेताना कोणी ताळेबंद न बघता सही करत नाही, आणि इथं तर तुम्ही तुमची पुढची पाच वर्षं लावताय. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. धर्मादाय कायद्याखालचा ताळेबंद आठव्या अनुसूचीत असतो आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक नवव्या अनुसूचीत. कंपनीच्या ताळेबंदाची सवय असलेल्या माणसाची नजर इथं पहिल्यांदा फसते ती बँकेतल्या शिलकीवर.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. बँक आणि मुदत ठेवी मिळून १ कोटी ६२ लाख. वाटतं, भक्कम संस्था आहे. आता डावी बाजू वाचा. कंपन्यांकडून आलेलं पण अजून खर्च न झालेलं अनुदान १ कोटी ४ लाख. हे पैसे संस्थेचे नाहीत, त्या त्या प्रकल्पाचे आहेत. कॉर्पस, म्हणजे कायमचा मूळ निधी, ३० लाख, तो मोडायचा नसतो. देणी, टीडीएस, ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून ९ लाख. उरले १९ लाख. हा खरा मोकळा पैसा. आता खर्च. ४२ माणसांचे पगार महिन्याला ११ लाख, त्यातले साडेसात लाख प्रकल्पांतून निघतात. उरलेले साडेतीन लाख आणि कार्यालय, गाडी, लेखापरीक्षण यांचे दीड लाख, असे ५ लाख मोकळ्या पैशातून जातात. म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा श्वास. त्यात तुमचा दीड लाख टाका: साडेसहा लाख, तीन महिनेही पूर्ण होत नाहीत. आणि एप्रिलमध्ये एकाही कंपनीचा हप्ता आला नाही तर सगळा १४ लाखांचा बोजा त्याच १९ लाखांवर. दीड महिनाही निघत नाही.

म्हणून विश्वस्तांना पहिला प्रश्न हा विचारा: माझा पगार कुठल्या निधीतून जाणार? “येईल की कुठल्या तरी प्रकल्पातून” असं उत्तर आलं, तर अर्थ असा की स्वतःचा पगार तुम्हालाच गोळा करून आणायचाय. तसं असायलाही हरकत नाही, पण ते आधी सांगायला हवं, आणि पहिल्या १८ महिन्यांची सोय वेगळी काढून ठेवलेली हवी. प्रकल्पाबाहेरच्या खर्चाचे किमान सहा महिने मोकळ्या निधीत असावेत, या आकड्याखाली मी कोणाला सही करायला सांगत नाही.

एप्रिल ते ऑगस्ट हा काळ संस्थांच्या जिवावर का येतो, तेही समजून घ्या. सीएसआरचं कलम १३५ आर्थिक वर्षाला बांधलेलं आहे. कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. हिशेब बंद होतात, समिती बसते, संचालक मंडळ मंजुरी देतं, करार होतो, तोवर पावसाळा अर्धा सरलेला असतो. मग मार्चमध्ये उलटी घाई, “एवढे पैसे ३१ तारखेच्या आत घ्या.” कंपनीत असतात तर अशा वेळी बँकेतून ओव्हरड्राफ्ट उचलला असता. इथं ते सहज होत नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, जागा विकायला किंवा दीर्घ भाडेपट्ट्यानं द्यायलाही लागते. तुमच्या पुरवठा साखळीच्या भाषेत सांगायचं तर इथं कच्चा माल हंगामी आहे आणि गोदाम भाड्यानं मिळत नाही. गोदाम म्हणजे तो मोकळा निधी.

आणखी एक गैरसमज तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. कंपनीचा तरुण अधिकारी सांगेल, “प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, कायदाच आहे.” ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. तरी संस्था मान डोलावतात आणि हिशेबनीसाचा पगार, प्रशिक्षण, गाडीची दुरुस्ती सगळं आतल्या आत गिळतात. तीन वर्षांनी मोकळा निधी आटतो तो याच वाटेनं. कंपनीच्या बाजूनं खरेदीची बोलणी केलेली बाई हे टेबलावर मांडू शकते, आणि तुम्हाला बोलावण्याचं हे एक चांगलं कारण आहे. प्रस्तावात प्रत्येक खर्च कुठल्या कामाला लागतो ते ओळीनं लिहायचं. ‘प्रशासन १२ टक्के’ अशी एकगठ्ठा ओळ लिहिली की ती कापली जातेच.

बाकी कागद भराभर. १२-ए-बी आणि ८०-जी (संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना करसवलत देणाऱ्या आयकराच्या नोंदण्या) यांची मुदत कधी संपते ते बघा. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पण बोलण्यात सगळे जुनेच क्रमांक वापरतात, मीही वापरते. ही नोंदणी लटकली की सीएसआरचा नळ बंद, कारण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायला तिच्याकडे या दोन्ही गोष्टी, तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ची (कंपनी मंत्रालयाकडची) नोंदणी लागते. परदेशी निधी असेल तर एफसीआरएची (परदेशी देणगी घेण्याच्या नोंदणीची) मुदत बघा आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत आहे का तेही. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. जुन्या पद्धतीनं गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटप चालू असेल तर ती आग आहे, तुमच्या काळात भडकेल. ईपीएफ बघा: २०पेक्षा जास्त माणसं आहेत, तर ‘मानधन’ म्हणून सगळ्यांना बाहेर ठेवलंय का? दहा किंवा जास्त कर्मचारी म्हणजे लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती हवी. ती आहे का, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी आहे का, बाहेरची सदस्य कोण, वार्षिक अहवाल गेला का. पुष्कळ ठिकाणी समिती भिंतीवरच्या फलकावरच असते.

एक कागद मात्र सवडीनं बघा: अनुसूची एक, ज्याला सगळे पीटीआरचा (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा म्हणतात. त्यावर आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) द्यायचा असतो. तो दिला नसेल, किंवा तिथं हरकतीवर अडकला असेल, तर उताऱ्यावर दिवंगत माणसांची नावं सापडतात. मग तुम्हाला नेमणारा ठराव ज्यांनी केला ते कायद्याच्या नजरेत विश्वस्त आहेत का, हाच वाद उभा राहतो. नातेवाईकही मोजा. सर, त्यांची पत्नी, मेहुणे आणि एक जुने मित्र अशी सातातली चार नावं एका घराभोवतीची असतील, तर मंडळ म्हणजे सरांचा दिवाणखाना.

इथं मूळ मुद्द्यावर येते. विदर्भातल्या संस्था माणसांच्या नावानं ओळखल्या जातात आणि त्यात गैर काही नाही. पण माणूस गेल्यावरही संस्था चालते का, ही वेगळी परीक्षा आहे. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१मध्ये सुरू केलेला मातृसेवा संघ शंभरी ओलांडून गेला. असं टिकायला अधिकार कधी तरी माणसाकडून पदाकडे जावा लागतो. तुमच्या प्रस्तावात तो गेलाय का?

‘मार्गदर्शक’ या शब्दावर अडून बसा. सर कुठल्या खोलीत बसणार? चेकवर कोणाची सही? बँकेचं ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातं? चंद्रपूरच्या समन्वयकाला रजा हवी असेल तर तो फोन कोणाला करतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कार्यकर्ता पंधरा वर्षं सरांना फोन करत आलाय, तो उद्याही त्यांनाच करणार. सर “ताईंना विचार” म्हणतात की “घे रे रजा” म्हणतात, यावर तुमचं पद उभं आहे. हे भल्या मनानंच होतं, म्हणून तर जास्त अवघड जातं.

याला तोंडी आश्वासन पुरत नाही, ठराव लागतो. न्यासात कायदेशीर जबाबदारी विश्वस्तांचीच राहते, तुमच्याकडे अधिकार येतात ते फक्त त्यांनी लिहून दिले म्हणून. नेमणूकपत्र घेण्याआधी इतिवृत्ताच्या वहीत साधारण असा ठराव आला पाहिजे:

“असे ठरविण्यात येते की, कार्यकारी संचालक यांना मंजूर अंदाजपत्रकाच्या मर्यादेत एका वेळी रु. २ लाखांपर्यंतच्या खर्चास स्वतःच्या सहीने, व रु. २ लाख ते १० लाखांपर्यंतच्या खर्चास कोषाध्यक्षांच्या संयुक्त सहीने मंजुरी देण्याचे अधिकार राहतील. कार्यक्रम व्यवस्थापक व त्याखालील सर्व पदांची नेमणूक, बदली, रजा व सेवासमाप्ती यांचे अधिकार कार्यकारी संचालकांकडे राहतील. कर्मचाऱ्यांना सूचना केवळ कार्यकारी संचालकांमार्फत दिल्या जातील. संस्थापक-मार्गदर्शक यांची भूमिका सल्लागार स्वरूपाची राहील व तिचा आढावा १२ महिन्यांनी घेण्यात येईल.”

आकडे तुमच्या बजेटप्रमाणे बदला. पण ‘केवळ कार्यकारी संचालकांमार्फत’ हे शब्द काढू देऊ नका. मसुदा पुढे केल्यावर मंडळाचा चेहरा बघा. “आपल्यात असलं कागदी कशाला, ताई?” हे वाक्य आलं, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलं आहे.

आणि विश्वस्तपद इतक्यात घेऊ नका, कितीही सन्मानानं देऊ केलं तरी. पगारी प्रमुख आणि विश्वस्त या दोन टोप्या एका डोक्यावर आल्या की आयकरवाले पगार वाजवी आहे का ते विचारू शकतात, आणि तुमच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात तुम्ही स्वतःच बसता.

पगाराच्या बोलण्यात बाईच्याच वाट्याला येणारं एक वाक्य आहे: “मिस्टरांची नोकरी चांगली आहे ना, मग तुम्हाला तशी गरज नाही.” पुरुष उमेदवाराला बायकोचा पगार विचारलेला मी ऐकलेला नाही. यावर चिडून उपयोग नाही, उत्तर तयार ठेवा: पगार पदाचा आहे, माझ्या घराचा नाही. मी तो २५ टक्के कमी घेतला तर माझ्यानंतरच्या माणसाला तुम्ही तोच आकडा दाखवाल आणि ज्याचं घर या पगारावर चालतं तो येणारच नाही. स्वतःहून काही सोडायचंच असेल तर पगार पूर्ण घ्या आणि देणगी म्हणून पावती फाडून परत द्या. अंदाजपत्रकात पदाचा खरा खर्च दिसत राहतो. मात्र १८ लाखांवरून ताणून २४ लाख करायच्या आधी सगळ्यात खालच्या कार्यकर्त्याचा पगार विचारा. तो १४ हजार असेल तर तुमचा दीड लाख त्याच्या दहा-अकरा पट आहे, आणि संस्थेत हा आकडा पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळतो. कंपनीत कोणी असा गुणाकार करत नाही.

उदाहरणं म्हणून मोठी नावं समोर येतात, त्याबद्दल थोडं. लीला पूनावाला अल्फा लावल इंडियाच्या प्रमुख होत्या, पुढे स्वतःच्या नावानं फाउंडेशन काढून त्यांनी मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या, त्यात विदर्भातल्या मुलीही आहेत. अनु आगा १९९६ ते २००४ थरमॅक्सच्या अध्यक्ष होत्या, नंतर शिक्षणातल्या संस्थांमध्ये रमल्या. दोघींबद्दल आदर आहेच. पण त्या या क्षेत्रात संस्थापक किंवा देणगीदार म्हणून आल्या, कोणाच्या हाताखाली पगारावर नाही. तुमचा रस्ता वेगळा आहे आणि त्यावर मासिकांत लेख येत नाहीत.

परत येण्याबद्दल. माझा अंदाज असा: दोन-तीन वर्षांत परतलात तर पुरवठा साखळीतही त्याच पातळीवर जागा मिळू शकते. पाचच्या पुढे त्या कामात परतणं अवघड, कारण तिथली यंत्रणा आणि माणसं दोन्ही बदललेली असतात. पण दुसरी दारं उघडतात. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिनं बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात पुरवठादारांच्या साखळीचाही विचार येतो, आणि कारखाना व गाव दोन्ही आतून बघितलेली माणसं थोडी आहेत. त्यासाठी पहिल्या दिवसापासून आकडे जपून ठेवा. बायोडाटात ‘महिला सक्षमीकरणासाठी कार्य’ लिहिलंत तर कोणी वाचणार नाही. किती कोटी सांभाळले, किती माणसं, किती जिल्हे, लेखापरीक्षणाचे किती आक्षेप होते आणि किती उरले, एका मुलीमागे वर्षाचा खर्च किती आणि तो कसा बदलला, हे लिहा.

स्वतंत्र संचालकपदाबद्दल (कंपनीशी हितसंबंध नसलेला मंडळाचा सदस्य) तुम्ही ओझरतं विचारलंय. सूचीबद्ध कंपन्यांत आणि मोठ्या सार्वजनिक कंपन्यांत एक तरी स्त्री संचालक लागते, पहिल्या १,०००मध्ये ती स्वतंत्र असावी लागते. त्यासाठी आयआयसीएच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या) डेटाबँकेत नाव नोंदवून दोन वर्षांत ५० टक्के गुणांची ऑनलाइन चाचणी द्यायची. नाव जरूर नोंदवा. पण एका बैठकीच्या भत्त्याला कमाल १ लाखाची मर्यादा आहे आणि वर्षातून बैठका मोजक्याच, म्हणजे तो घर चालवण्याचा मार्ग नाही. चार वर्षं संस्था सांभाळल्यानंतर त्या टेबलावर तुमचं वजन वेगळं पडेल.

सीएसआर प्रमुखाची जागा वाईट नाही. तिथं दोन गोष्टी विचारा. निर्णय नागपुरात होतो का? वेस्टर्न कोलफिल्ड्स किंवा मॉयलसारखी मुख्यालयं इथं आहेत, पण सार्वजनिक कंपन्यांत अशी पदं बहुधा आतूनच भरतात. हिंगणा-बुटीबोरीच्या खासगी कारखान्यांचा सीएसआर पुष्कळदा मुंबईच्या कार्यालयातून ठरतो आणि इथल्या ‘प्रमुखा’ला फीत कापायचे कार्यक्रम उरतात. दुसरं, सीएसआर समितीसमोर तुम्ही स्वतः बसणार की तुमचं सादरीकरण दुसरं कोणी वाचणार? दोन्ही उत्तरं चांगली असतील आणि संस्थेचा ठराव अडला असेल, तर मी तिकडे जा म्हणेन.

संस्थेत गेलात तर पहिल्या तीन महिन्यांबद्दल थोडं. नवा डॅशबोर्ड, नवा लोगो, नवी रचना यातलं काही करू नका. टीए (प्रवासखर्चाच्या) बिलांची फाइल मागवा. १४ हजार पगाराचा कार्यकर्ता महिन्याला २ हजारांचं पेट्रोल खिशातून घालतो आणि बिल तीन महिन्यांनी पास होतं. म्हणजे त्याचे ६ हजार सतत संस्थेकडे बिनव्याजी अडकलेले, जवळपास अर्धा पगार. अशी वीस माणसं धरा, १ लाख २० हजार झाले. संस्था आपल्या सगळ्यात गरीब माणसांकडून उसने घेऊन चालतेय आणि हे कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. बिलं दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत घ्यायची, १२ तारखेला खात्यात जमा करायची, हा एक नियम बसवा. पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याची शिस्त तुमच्या हाडात आहे, तीच इथं लावायची. त्यानंतर तुम्ही हिशेबाची नवी पद्धत आणलीत तर लोक ऐकून घेतील.

दौरे सुरुवातीपासून स्वतः करा. मे महिन्यात सकाळी सहाला निघा आणि अकराच्या आत बैठक आटोपा, नंतर पारा ४५च्या आसपास असतो आणि बायका गटाच्या बैठकीला येत नाहीत, येऊही नये. मुक्कामाचं आणि गाडीचं धोरण सगळ्यांसाठी लेखी करा: अंधार पडल्यावर एकट्या स्त्री कर्मचारीनं दुचाकीवर परतायचं नाही, मुक्कामाचा खर्च संस्था देईल. तुम्हाला गाडी मिळेलच, प्रश्न त्या स्त्री कर्मचारीचा आहे. हिवाळी अधिवेशनात मंत्री आणि सचिव नागपुरात असतात म्हणून सरकारी भेटींचे बेत आखाल, पण त्या दिवसांत जिल्हा परिषदेतला अधिकारी विधिमंडळाच्या प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेला असतो. जिल्ह्याची कामं नोव्हेंबरमध्येच उरकून घ्या.

आता महिनाअखेरच्या उत्तराबद्दल. ‘हो’ किंवा ‘नाही’ काहीच कळवू नका. अध्यक्षांना, सरांना नव्हे, एक ईमेल पाठवा: आनंद झाला, गांभीर्यानं विचार करतेय, त्यासाठी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पीटीआरचा उतारा, चालू सीएसआर करारांची यादी हप्त्यांच्या तारखांसह, आणि सोबत जोडलेल्या ठरावाच्या मसुद्यावर मंडळाचं मत हवंय. दहा दिवस द्या. नोटिशीचे ९० दिवस त्यानंतरच मोजायला लागा. राजीनामा लिहायचा तो ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्यावर. ईमेलला अध्यक्षांऐवजी सरांचाच फोन आला, तर तो घ्या, नीट बोला, आणि फोन ठेवल्यावर सीएसआरवाल्या कंपनीला मुलाखतीची तारीख कळवा.